मावशीचा अर्ज

आज दुपारी मावशी अर्ज तसाच हातात घेऊन परत आली आणि आमच्या ओट्यावर बसून राहिली. पोराच्या वहीतलं फाडलेलं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, घामानं कडा मऊ पडलेल्या. अकरा वर्षं ती सरकारी दवाखान्यात झाडू मारते, बाळंतिणींच्या खोलीतलं रक्त पुसते. आता सफाईचं नवं टेंडर निघालंय, नवा ठेकेदार आपली माणसं आणणार. तिनं हरकत द्यायची म्हटलं, तर टेबलावरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही टेंडर भरलंय का?"

नाही म्हटल्यावर पान परत.

तो माणूस नियमाप्रमाणेच बोलला, हेच जास्त लागतंय मला. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे कागदपत्रांच्या छाननीत, बाद झालेला ठेकेदार हरकत घेतो, तिथं जमलं नाही तर वकील लावून थेट औरंगाबाद खंडपीठात जातो. त्यानं अनामत भरलेली असते ना! मावशीनं अकरा वर्षं भरली, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

मग रस्ता उरतो. ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला होता, आठवतंय? पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा २० ऑक्टोबरला तो रद्द केल्याचं जाहीर झालं. अर्जांनी रद्द झाला नाही. आणि रस्त्यावर यावं तर पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदीचा मनाई आदेश, पाच माणसं जमली की गुन्हा. कायम नोकरीतल्यांनी संप केला तर मेस्मा, अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा. दार कुठलं उघडं ठेवलंय मग?

अमेरिकेतही सरकारी कंत्राटावर हरकत घ्यायचा हक्क आधी बोली लावणाऱ्यालाच होता. दहा दिवसांत तक्रार, शंभर दिवसांत निकाल. पण सरकारी काम बाहेर द्यायच्या स्पर्धेत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीलाही तो हक्क मिळावा म्हणून २००८ मध्ये कायदा बदलला. म्हणजे नियम बदलता येतो. आपल्याकडे निदान टेंडर काढण्याआधी, ज्याचं काम जातंय त्याला एक नोटीस, पंधरा दिवस आणि लेखी उत्तर एवढं तरी द्या.

हो, प्रत्येकाची हरकत ऐकत बसलं तर कामं रखडतील. कबूल. रखडू देत थोडी.

चहा दिला तर तिनं कप खाली ठेवला. "ताई, आते मी कोनले सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. एवढं सगळं लिहितेय, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघींनी अर्ज कोऱ्या कागदावर उतरवून काढला, दोन प्रती केल्या. अकरा वर्षांतल्या मुकादमांची नावं तिला तोंडपाठ आहेत, तीही घातली. उद्या साडेदहाला जातोय. आवक शाखेचा शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. अजून दोघी आल्या तर बरं होईल. चौघींवर कलम लागत नाही.