मान हलवायला काय जातं?

रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या चढावर सायकल चालवताना समोरून महागड्या, कार्बन फ्रेमच्या सायकलवाला आला की माझा हात आपसूक वर जातो. तो मात्र काळ्या गॉगलमागून सरळ पुढे बघत निघून जातो. राग येतो, खरंच राग येतो! तोच चढ, तोच खारा वारा, दोघांचीही छाती सारखीच भरलेली. मग ओळख द्यायला एवढं जड का?

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत तर कहरच. ही मंडळी आधी तुमच्या सायकलचे गिअर बघणार, मग पायातले बूट, आणि मग पाठ फिरवणार. उलट बंदरावरचा मासळीवाला बघा. कॅरियरला सुतळीने बांधलेला क्रेट, ब्रेकचे रबर पार झिजलेले, पण लांबूनच घंटी वाजवतो, "कुठवर?" विचारतो. चेन पडली तर थांबून स्वतःचे हात काळे करतो. जर्सीवाल्यांपैकी पंक्चरला कोणी थांबलेलं मला तरी आठवत नाही.

परवा भाट्याच्या पुलावर एक शाळकरी मुलगी, दप्तर कॅरियरला लावलेली, त्यांच्या घोळक्याला हसून हात करत होती. एकानेही मान हलवली नाही. अरे, लहान पोर आहे ती! तिच्याशीही तोलामोलाचा हिशोब करायचा?