आंटी, साईड!

आज सकाळी मी चिखलात उभी होते. डावा पाय घोट्याच्या वर आत, सायकल खांद्यावर, आणि समोरून एक पांढरी एसयूव्ही बांधावरून डुलत डुलत जात होती. खिडकीतून एका मुलाने अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "आंटी, साईड!"

साईड कुठली रे बाबा? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला शेत, मधे जेमतेम गाडीएवढा बांध. बरं, हे तो मी चिखलात उतरल्यावर म्हणाला. म्हणजे अजून कुठे जायला हवं होतं, थेट खाडीपलीकडे करंजाला?

परतीच्या रो-रो बोटीत बसून हे लिहितेय. चहा सांडलाय, बुटात चिखल वाळतोय, शेजारचे गृहस्थ सरकून बसलेत. बसू देत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा खारेपाट. धरमतरच्या खाडीला लागून असलेला पेण-अलिबागचा सपाट पट्टा. सुट्टीच्या दिवशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर सायकल रो-रोत चढवायची, तासाभरात मांडव्याला उतरायचं. समुद्रकिनारे आणि बंगले यांच्याकडे पाठ करायची आणि खाडीच्या बाजूला आत शिरायचं. वडखळ-अलिबाग रस्त्याला मी चुकूनही चाक लावत नाही, तिथले डंपर सायकलवाल्याला माणसात धरत नाहीत. पण आतले रस्ते! गावाला गाव जोडणारी अरुंद डांबरी पट्टी, दोन्हीकडे भाताची खाचरं, मधूनच घराशेजारचं जिताडा माशाचं तळं, आणि मग मातीचा बांध. तासभर चालवा, दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो भेटला तर भेटला. शेकाटे लाल काटकुळ्या पायांवर उभे असतात. टायरचा आवाज ऐकू येतो. ठाण्यात राहणाऱ्या बाईला टायरचा आवाज ऐकू येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

सायकल मी शिकले 44व्या वर्षी. त्यामुळे आमच्या ग्रुपातल्या घाटवीरांचं मला कौतुक आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. कसारा झाला, बोरघाट झाला, पसरणी झाला, आता काय बाई एव्हरेस्ट! सपाटीवर चालवणं म्हणजे यांच्या हिशेबी बागेतली घसरगुंडी. माझा सख्खा नवराही त्यातलाच. "चढ नाही तर मजा काय?" म्हणतो. त्याला म्हटलं, सकाळी अकरानंतर पश्चिमेकडे तोंड करून चालवून दाखव. खारे वारे शाळेत नकाशात बाण काढून शिकलास ना, ते छातीवर घे. घाट निदान माथ्यावर संपतो, वारा कुठे संपतो? एकदा आला होता. परत आला नाही.

पण आजचा राग त्याच्यावर नाही. राग कुणावर आहे ते लिहिता लिहिता ठरेल.

तीन वर्षांपूर्वी, पहिल्यांदाच एकटी आले होते तेव्हाची गोष्ट. बाभळीचा काटा लागून मागचं चाक बसलं. ते उघाडीजवळ. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. ना वीज, ना मोटर. हे अर्थात मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक म्हातारे गृहस्थ वाकून बांधाच्या पोटात हात घालून काहीतरी लिंपतायत. माझी अवस्था बघून म्हणाले, "बस बाय, पानी पी." ट्यूब डबक्यात बुडवून बुडबुडे त्यांनीच शोधले, ठिगळ मी लावलं. घरून मोटारसायकलचा पंप आणवला, तर माझ्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, तो पंप काही बसेना. मग काय, चार किलोमीटर चालत. ते मामा सोबत आले. "यकटी कशी जाशील?" म्हणाले. मी एकटीच पन्नास किलोमीटर आले होते, पण ते बोलायची हिंमत झाली नाही.

त्या चार किलोमीटरमध्ये मी पहिल्यांदा खाली बघितलं. सायकलवर माणूस लांब बघतो. चालताना दिसलं, बांधाला जागोजागी ठिगळं आहेत, माझ्या ट्यूबसारखीच. चिंबोऱ्या बिळं पाडतात. बिळातून पाणी झिरपतं, झिरप वाढली की माती सुटते, आणि एखाद्या अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते पीक तर गेलंच, पुढे किती पावसाळे ती माती धुऊन निघायला लागतील त्याचा नेम नाही. इथे वर्षाला मुळात एकच पीक, भात. मामा लहान असताना रात्री खांड गेली की अख्खा गाव कंदील घेऊन बांधावर. बायका चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायच्या. हे सगळं ते असं सांगत होते, जसं आपण सोसायटीच्या टाकीबद्दल सांगतो.

मी बावळटासारखी म्हणाले, "मामा, रस्ता फार छान आहे हो तुमचा."

"रस्ता नाय बाय हा, बांध हाय."

आज ती गाडी गेली तेव्हा हेच वाक्य डोक्यात घणघणलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. ते इथे लिहीत नाही, आई फेसबुकवर आहे.

याच खारेपाटात चरी नावाचं गाव आहे. 1933 ते 1939, सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढारी, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी. शेतकऱ्यांचा संप, आणि तोही सहा वर्षं! आपण दोन दिवस रिक्षा बंद राहिल्या तर कासावीस होतो. बांध राखायचा यांनी आणि भात मोजून न्यायचा खोतांनी. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे असली गावं होती. आणि आम्ही तिथून जाताना एकमेकांना विचारतो, ॲव्हरेज किती बसला?

आम्ही म्हणजे मीसुद्धा. आता खरं सांगते. रागाच्या भरात लिहायला बसले तेव्हा हे लिहायचं नव्हतं.

पुढे बांध अरुंद होतो, म्हणून ती गाडी थांबली. मी तावातावाने गाठली. चार पोरं, ड्रोन, वेफर्स. मी तोंड उघडायच्या आत त्यातल्या एकाने मोबाइल पुढे केला, "आंटी, हे स्पॉट कुठंय?" स्क्रीनवर फोटो होता. उघाडी, मागे धुकं, बांधाला टेकवलेली निळी सायकल.

माझी सायकल.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात मीच टाकलेली पोस्ट. लोकेशनसकट. "मुंबईपासून तासाभरावर, एकही गाडी नाही!" असं मोठ्या हौसेने लिहिलेलं. एकही गाडी नाही हे गाव गोळा करून सांगितलं तर दुसरं काय होणार? तुम्हीच शेअर केली होतीत, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी. म्हणजे तुमचा दोष नाही. थोडा आहे.

मी काय बोलणार त्या पोरांना? मीही बाहेरचीच. त्यांची दोन टनांची, माझी नऊ किलोची, एवढाच फरक. आणि कुणी लिहिण्याआधी मीच लिहिते: गावातल्या लोकांना चांगला रस्ता हवाय, अडल्या-नडल्याला गाडी दारात यायला हवी आहे, रेवस-करंजा पूल झाला तर त्यांची सोयच होणार आहे. मान्य. माझ्या रविवारच्या शांततेसाठी कुणी खड्ड्यातून दवाखान्यात जावं असं मी म्हणत नाही. पण दवाखान्याची गाडी आणि ड्रोनची गाडी यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळतो. नसेल कळत तर यादीतून खुशाल बाहेर पडा.

पोरं तशी वाईट नव्हती. एकाने सॉरी म्हटलं, पाण्याची बाटली दिली. पण गाडी वळवायची कशी? मागे-पुढे, मागे-पुढे, दहा वेळा. मागचं चाक खाडीच्या अंगाला घसरलं तेव्हा बांधाची कड ढासळली. फार नाही, दीड हात असेल. त्यांना वाटलं, सुटलो एकदाचे. मी हाताने चिखल उचलून तिथे थापला. तो किती टिकणार, ते मामाच जाणोत. चिखल थापायचीसुद्धा पद्धत असते. पेंढा घालतात, पायाने तुडवतात. ते त्या चार किलोमीटरमध्ये त्यांनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती, मोबाइलवर जवळचं सायकलचं दुकान शोधत.

कमेंटमध्ये रूट मागू नका. देणार नाही. जुनी पोस्ट आत्ता काढून टाकली, लाइक्ससकट.

आज अमावास्या आहे. साडेबारा वाजलेत, बाहेर पाणी चढलंय, मघाशी धक्क्यावरच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. मामांना तीनदा फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाहीयेत.

भरतीची वेळ आहे. बांधावर असतील.