४० टक्के पगार अडकवून ठेवला होता त्याचा

हॉलिवूडच्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरचं ते रील परत फिरायला लागलंय. डावीकडे १९९९ चा कोर्टातला नारंगी कपड्यातला फोटो, उजवीकडे हातात ऑस्कर, मागं ढणढण म्युझिक आणि खाली लिहिलेलं की माणसानं मनात आणलं तर काय वाट्टेल ते होतं. चांगलंय, माणूस मलाही आवडतो, पण २०२४ च्या ऑस्करचं त्याचं भाषण एकदा पूर्ण ऐका. शेवटी तो त्याच्या वकिलाचे आभार मानतो, म्हणतो चाळीस वर्षं हा माझ्यासोबत आहे आणि त्यातली निम्मी वर्षं याची माझा विमा उतरवून घेण्यात नाहीतर मला जेलमधून सोडवून आणण्यात गेली. लोक हसले, कॅमेरा पुढं गेला. रीलमध्ये हे वाक्य मला अजून दिसलेलं नाही.

मला मात्र अख्ख्या भाषणात तेवढंच कामाचं वाटलं. माझं भोसरीत छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, व्यसनातून नाहीतर जेलमधून बाहेर आलेली पोरं मी कामावर घेतो, बरीच वर्षं झाली आता, त्यामुळं या विषयावर माझं डोकं जरा लवकर तापतं.

आधी त्याचं काय झालं होतं ते बघा. बापानंच सहाव्या वर्षी गांजा हातात दिला, हे त्यानं स्वतः सांगितलंय. १९९२ ला चॅप्लिन साकारला, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. १९९६ ला भरधाव गाडी चालवताना पकडला, गाडीत हेरॉइन, कोकेन आणि पिस्तूल. महिनाभरानं नशेत शेजाऱ्याच्या घरात शिरला आणि त्यांच्या पोराच्या बेडवर गाढ झोपला. कोर्टानं सोडलं, ड्रग टेस्टला ये म्हणलं, हा गेला नाही, मग थोडे दिवस आत, परत बाहेर, परत तेच. शेवटी १९९९ ला जज वैतागला आणि तीन वर्षं सुनावली. त्या वेळी यानं जजला सांगितलं होतं की माझ्या तोंडात बंदूक आहे, बोट चापावर आहे आणि मला त्या लोखंडाची चव आवडते. व्यसनाबद्दल इतकं खरं मी फार कमी लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि मी असले लोक रोज ऐकतो.

आता यापुढचा भाग, जो सगळे गाळतात. वर्षभरानं, ऑगस्ट २००० ला तो सुटला. लगेच टीव्हीवर मोठ्या सिरीयलमध्ये काम मिळालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, जानेवारी २००१ ला गोल्डन ग्लोबसुद्धा मिळालं. आणि हे सगळं चालू असताना नोव्हेंबर २००० ला हॉटेलच्या खोलीत परत पकडला गेला, एप्रिल २००१ ला परत. सिरीयलवाल्यांनी काढून टाकलं. म्हणजे काम होतं, पैसा होता, अवॉर्ड होतं, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि पठ्ठ्या परत घसरला. जेलनं सुधारला म्हणावं तर जेल भोगून झालेली. कौतुकानं सुधारला म्हणावं तर तेही पोतंभर मिळालेलं.

मग फरक कशानं पडला? तो स्वतः एक किस्सा सांगतो, २००३ मध्ये गाडीत माल भरलेला होता, रस्त्यात बर्गर खाल्ला, तो इतका घाण लागला की काहीतरी आत हललं आणि त्यानं सगळा माल समुद्रात फेकून दिला. किस्सा भारी आहे आणि खराही असेल, पण माझ्याकडच्या प्रत्येक पोरानं असा माल कधी ना कधी फेकलेला असतो, कोणी मुळेत, कोणी पवनेत, कोणी संडासात. दुसऱ्या दिवशी परत आणायला गेलेला असतो.

माझ्या मते फरक दोन ठिकाणी पडला. एक म्हणजे कायदा. २००० च्या नोव्हेंबरात, म्हणजे हा परत पकडला गेला त्याच महिन्यात, कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून प्रपोझिशन ३६ पास केलं होतं, ड्रग्ज नुसती जवळ बाळगली म्हणून पकडलेल्याला जेलऐवजी उपचाराला पाठवायचं, आणि उपचार नीट घेतले नाहीत तर परत जेल आहेच. त्याच्याच आधारानं २००१ ला त्याला जेलऐवजी वर्षभर व्यसनमुक्ती केंद्रात राहायची शिक्षा झाली.

दुसरा म्हणजे विमा, तो वकीलवाला. तिकडे सिनेमा सुरू करायचा तर विमा कंपनीनं हमी द्यावी लागते की हा माणूस मध्येच गायब झाला तर पैसे बुडणार नाहीत. ती हमी नसेल तर फायनान्स नाही, फायनान्स नाही तर शूटिंग नाही. याच्यावर कोणी हमी घेईना. वुडी ॲलनला एका पिक्चरसाठी हा पाहिजे होता, पण विम्याचंच जमेना म्हणून सोडून द्यावा लागला. टॅलेंट तेच, माणूस सोबर झालेला, आणि तरी दार बंद. २००३ मध्ये आलेल्या एका पिक्चरसाठी मात्र मेल गिब्सन या बड्या ॲक्टरनं ती हमी स्वतःच्या अंगावर घेतली. त्याच वर्षी जोएल सिल्व्हर नावाच्या प्रोड्युसरनं दुसऱ्या पिक्चरला काम दिलं, पण अट घातली की ४० टक्के पगार शूटिंग संपेपर्यंत आम्ही अडकवून ठेवणार. यानं मुकाट सही केली. पुढं २००८ चं आयर्न मॅन, ते सगळ्यांना माहितीये.

अपमान वाटतो ना ऐकायला? माझ्या बायकोला पण वाटला होता. पण बाहेर आलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल असाच विश्वास परवडतो. आंधळा विश्वास त्याला पेलत नाही, आणि अविश्वासात तर तो आधीच बुडालेला असतो.

माझ्याकडं एक वेल्डर आहे, नाव नाही सांगत. गर्द ओढायचा, त्यासाठी तांब्याच्या केबलची चोरी, त्यात येरवड्यात वर्षाच्या वर काढलेलं. केंद्रातून सुटून कामाला आला त्या दिवशी त्यानंच अटी सांगितल्या, मी नाही. शेठ, पगार आईच्या खात्यात टाका. उचल मागितली तर द्यायची नाही, पाया पडलो तरी नाही. रविवारी मला कामाला बोलवा, घरी बसलो की डोकं फिरतं. संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या मीटिंगला सहाला सोडा. आणि पेंटिंगकडं पाठवू नका, तिथं थिनर असतं, त्याच्या वासानं पण नशा होते. हे शेवटचं माझ्या लक्षातच आलं नसतं, इतकी वर्षं शॉप चालवून. पहिल्या दिवाळीला बोनसचं पाकीट मी नेहमीच्या सवयीनं सगळ्यांसारखं त्याच्यापुढं केलं. त्यानं हात लावला नाही. टेबलावर ठेवा म्हणला, आईला फोन केला आणि ती माउली पीएमटीनं येईपर्यंत माझ्या केबिनमध्ये पाकिटाकडं पाठ करून बसून राहिला, पंखा फुल असताना घामानं शर्ट ओला. बाहेर बाकीचे पेढे खात होते. मावशी आल्या, पाकीट पिशवीत टाकलं, मग हा उठून चहा प्यायला गेला. आता चार्जहँड आहे, म्हणजे मुकादम, पगार आता स्वतःच्या खात्यात घेतो, ते पण त्यानंच ठरवलं कधी घ्यायचा ते.

आणि वर्षाच्या वर आत का होता माहितीये? शिक्षा म्हणून नाही. कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. सॉल्व्हन्सीचा म्हणजे ऐपतीचा दाखला असलेला माणूस याच्यासाठी कोर्टात कोण उभा राहणार, सख्खा चुलतासुद्धा आला नाही, आणि चुलत्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या घरचा गॅस सिलेंडर यानं विकला होता. आपल्याकडं जेलमधल्या दर ४ माणसांपैकी साधारण ३ असे कच्चे कैदी असतात. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जामीन मंजूर होऊन महिनाभर बॉण्ड भरला गेला नाही तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करायचा विचार करावा, केंद्र सरकारची योजना पण आली त्याच वर्षी, गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी, तेव्हा ४० हजारापर्यंत. चांगलंय. ज्यांचं कोणी आत आहे त्यांनी वकिलाला नाहीतर विधी सेवा प्राधिकरणात जाऊन हे विचारा, फुकट असतं तिथं. कच्च्या कैद्याला आत कामाची सक्ती पण नसते, त्यामुळं हा तिथं काही शिकला वगैरे नाही, बॅरेकमध्ये पडून होता आणि माल तिथंही मिळतो अशा गप्पा ऐकत होता.

उपचाराचा रस्ता आपल्या कायद्यात पण आहे बरं का, अमेरिकेचं कौतुक सांगायला नको. ड्रग्जविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ. व्यसनी माणूस नुसतं सेवन केलं नाहीतर थोडासा माल सापडला म्हणून अडकला असेल आणि तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते, आणि उपचार अर्धवट सोडले तर सूट काढूनही घेता येते. परत तेच, अटीवर विश्वास. १९८५ चा कायदा आहे, हे कलम नंतर टाकलं, आणि मी ज्या ज्या पोरांना विचारलं त्यांच्यातल्या एकालाही हे कोणी सांगितलं नव्हतं. गंमत बघा, येरवड्यात जेल आहे, मेंटल हॉस्पिटल आहे आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पण आहे, जे १९८६ ला डॉ. अनिता अवचटांनी पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून त्या हॉस्पिटलच्याच आवारात सुरू केलं. रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत तिन्ही ठिकाणं होतात. पण पोरगं जेलमधून केंद्राच्या दारात पोचायला वर्षं जातात.

अजून एक गोष्ट, यावर शिव्या पडतील. डाउनीला २००३ मध्येच सुझन भेटली, पुढं लग्न झालं, ड्रग्ज की मी असं तिनं स्पष्ट विचारलं होतं, हे तो सगळीकडं सांगतो. आपल्याकडं हे ऐकलं की लोकांना काय सुचतं, लग्न करून टाका त्याचं, जबाबदारी पडली की सुधरेल. अहो ती आधी अट घालून मग लग्न करत होती. तुम्ही कुठल्यातरी गावाकडच्या पोरीला काही न सांगता याच्या गळ्यात बांधताय. माझ्याकडं कोणी आईबाप हे विचारायला आले तर मी चहा पाजतो आणि हाकलतो.

सगळे टिकतात असं अजिबात नाही. एक पोरगं पहिल्याच पगारानंतर ग्राइंडर घेऊन गायब झालं. एक चार वेळा परत व्यसनात घसरून आता पाचव्यांदा केंद्रात आहे, येईल परत, जागा आहे. एक जण गेला, त्याच्याबद्दल नाही लिहीत.

आणि जे टिकतात त्यांच्यापुढं पण भिंत असतेच. आमचा माल मोठ्या कंपनीत जातो, तिथं फिटिंगला माणूस पाठवायचा तर गेट पासला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. माझा सगळ्यात चांगला वेल्डर गेटच्या आत जाऊ शकत नाही, कारण त्याची केस अजून चालू आहे, दर थोड्या दिवसांनी शिवाजीनगरला तारीख असते, अर्धा दिवस जातो, बऱ्याचदा पुढची तारीख घेऊन येतो. एचआरच्या साहेबांना म्हणलं, अहो माझ्या जबाबदारीवर घ्या, लिहून देतो. ते म्हणाले सर तुमची भावना समजते, पण पॉलिसी आहे. हेच साहेब लिंक्डइनवर त्या डाउनीच्या रीलखाली हात जोडलेला इमोजी टाकून आलेले, मी बघितलं. डाउनीला २०१५ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं माफी दिली, नाताळच्या आदल्या दिवशी. आमच्याला निदान निकाल तरी लावा.

कोणी म्हणेल तो गोरा, पैसेवाला, ओळखीचा चेहरा, म्हणून इतके चान्स मिळाले. शंभर टक्के बरोबर. त्याच अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं क्रॅक, म्हणजे कोकेनचाच स्वस्त प्रकार, ओढणाऱ्या गरीब काळ्या पोरांना थोड्याशा मालासाठी अशा शिक्षा झाल्या की पावडर कोकेनवाल्याला तेवढ्यासाठी शंभर पट माल सापडावा लागायचा. २०१० ला ते प्रमाण कमी केलं, तेही पूर्ण नाही. त्यामुळं डाउनीची गोष्ट 'कोणीही करू शकतं' याचा पुरावा म्हणून पाठवू नका प्लीज. वकील, विमा, मित्र, पैसा एवढं सगळं पाठीशी असताना पण किती वेळा पडावं लागतं याचा पुरावा म्हणून पाठवा, मग चालेल.

२०११ ला याला एक सन्मान मिळाला तेव्हा यानं तो द्यायला मुद्दाम मेल गिब्सनला बोलावलं, जो तोपर्यंत स्वतःच्या उद्योगांनी बदनाम होऊन बसला होता, आणि त्यातले काही उद्योग माफ करण्यासारखे नाहीत असं माझं मत आहे. स्टेजवर डाउनीनं सांगितलं की गिब्सननं मला मदत केली तेव्हा बदल्यात एकच मागितलं, पुढं कधीतरी तू पुढच्याला मदत कर. तो पुढचा स्वतः गिब्सनच निघेल असं कुठं वाटलं होतं.

माझा वेल्डर गेल्या महिन्यात केंद्रातल्या एका पोराला घेऊन आला, टर्नर आहे म्हणे. माझ्याकडं लेथ नाही, त्यामुळं घेता येत नाही. भोसरी, चाकण, तळेगाव, कुठंही कोणाच्या शॉपला जागा असेल तर इनबॉक्स करा, गाडीखर्च मी देतो पहिला महिना. पगार आईच्या खात्यात टाकायचा, उचल द्यायची नाही, महिन्यातून एक-दोनदा कोर्टाच्या तारखांना सोडावं लागेल. हे जमत असेल तरच मेसेज करा. 'ग्रेट वर्क सर' लिहायला कमेंट बॉक्स मोकळा आहे.