शेजारी ‘आपलेच’, मग शिकायचं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वारंवार पुढे ढकलला जातो. सारांश असा: नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका ही आपलीच भावंडं, त्यांचा वेगळा अभ्यास कशाला? हिंदी-इंग्रजीत भागतं, उरलंसुरलं मोबाईल भाषांतर करून देतो. आणि त्यांच्या बाजारपेठा किरकोळ, तेव्हा लक्ष अमेरिका-युरोपकडे ठेवा.

‘भावंडं’ हे अर्धं खरं आहे. नेपाळशी उघडी सीमा आहे, रोटीबेटीचा व्यवहार आहे, आपल्या सैन्यात गुरखे आहेत. घोळ इथेच होतो, कारण घरच्या माणसाला कोणी विचारत बसत नाही. 20 सप्टेंबर 2015 ला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. भारताच्या सीमेलगतच्या तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन आधीच पेटलेलं होतं, त्यात सीमेवरचे ट्रक अडकले. दिल्लीने नाकाबंदीचा आरोप फेटाळला. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये भूकंपाने हादरलेल्या काठमांडूत स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल आणि औषधांची टंचाई झाली, आणि लोकांनी दोष भारताला दिला. मार्च 2016 मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन चीनशी पारगमन करार, म्हणजे चीनमार्गे माल नेण्या-आणण्याचा करार, करून आले.

हिंदी सगळीकडे चालते म्हणणाऱ्यांनी परमानंद झांचं प्रकरण वाचावं. 2008 मध्ये नेपाळच्या या पहिल्या उपराष्ट्रपतींनी हिंदीत शपथ घेतली आणि रस्त्यावर निदर्शनं सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती शपथ अवैध ठरवली. अखेर 2010 मध्ये त्यांनी नेपाळी आणि मैथिलीत पुन्हा शपथ घेतली, तेव्हा वाद मिटला. काठमांडूत हिंदी सिनेमे आवडीने बघितले जातात, हेही खरंच. मात्र पडद्यावरची हिंदी आणि शपथेतली हिंदी यांत तिथला माणूस फरक करतो. बांगलादेशचा तर पायाच भाषेच्या आंदोलनात आहे: 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. श्रीलंकेत सिंहलीला एकमेव राजभाषा करणाऱ्या 1956 च्या ‘फक्त सिंहली’ कायद्याने तमिळांशी पेरलेल्या दुराव्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. मोबाईल वाक्य उलटवून देईल. कोणत्या भाषेत बोललं की समोरचा दुखावतो, हे त्याला विचारून बघा.

साध्या तारखाही बघा. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारूविक्री बंद. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. ढाक्याचा पोइला बोइशाख (बंगाली नववर्षदिन) 14 एप्रिलला ठरलेला, कोलकात्याचा बहुधा 15 ला. माल पाठवणाऱ्याला हे आधी ठाऊक हवं.

राहिला ‘किरकोळ’ बाजार. हे वाक्य लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून म्हणून दाखवावं! बांगलादेश हा आपल्या कांद्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक राहिला आहे. सप्टेंबर 2019 मध्ये भारताने अचानक निर्यात थांबवली. ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आपल्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितल्याचं हसत हसत बोलून गेल्या. हसण्यावारी नेलं तरी बोच कळत होती. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा. इथे भाव आवरायला घेतलेला प्रत्येक निर्णय ढाक्याच्या बाजारात भावाचा भडका उडवून गेला. मग त्या व्यापाऱ्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन असे दुसरे दरवाजे ठोठावले आणि तिथल्या सरकारने स्वतःचं कांदा उत्पादन वाढवायला घेतलं. नाशिकचा शेतकरी गिऱ्हाईक गमावतो ते असं, दिल्लीतल्या एका अधिसूचनेने.

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के, आग्नेय आशियात तो 20 टक्क्यांहून जास्त. हा आकडा दाखवून ‘बघा, बाजार लहान’ म्हणणारे भेटतात. वैर, आयातशुल्क, सीमेवर दिवसेंदिवस उभे राहणारे ट्रक हे सगळं त्याच आकड्यात आहे. दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, यातलीच ही गत.