शंभराच्या स्टॅम्पवर मूल आपलं होत नाही

मोबाइलवर दत्तकाबद्दल एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा आहे: ‘मूल नसलेल्यांसाठी खुशखबर! कोणाचंही मूल दत्तक घ्यायला कोर्ट लागत नाही, काराची तीन-चार वर्षांची रांग लागत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करा, जन्मदात्यांचे हक्क संपले. मूल इस्टेटीला वारस. नाही पटलं तर दोन वर्षांत करार रद्द. सर्व धर्मीयांना लागू. गरजूंपर्यंत पोचवा.’ (कारा म्हणजे दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था.) महिन्याभरात हा मेसेज चार गटांतून माझ्याकडे आला. चौथ्यांदा आला तो एका वकिलाच्या गटातून, म्हणून हे लिहायला बसलो.

स्टॅम्पवरूनच मेसेजचं वय कळतं. महाराष्ट्रात शंभराचं काम ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक कागदांना पाचशेत जातं. असो.

आधी नोटरी. नोटरी एवढंच सांगतो की अमुक माणसांनी माझ्यासमोर सही केली. मूल कोणाचं, हे ठरवायचा त्याला काहीच अधिकार नाही. मागे एक बाई असाच कागद घेऊन आल्या होत्या. लॅमिनेट केलेला, लाल शिक्का, खाली दोन साक्षीदार. धाकट्या दिराची मुलगी त्यांनी चार वर्षं सांभाळलेली. कागदावर दिराची सही होती, जावेची नव्हती. ‘ती तिथेच उभी होती की,’ बाई म्हणाल्या. उभी असून भागत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 प्रमाणे मूल देताना आई-बाप दोघांची संमती लागते, आणि घेणाऱ्या नवऱ्याला बायकोची, बायकोला नवऱ्याची.

गंमत म्हणजे या कायद्याला कागद लागतच नाही. लागतं ते मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं. आपल्याकडे म्हणतात ना ओटीत घालणं, तेच. होम केला नाही तरी चालतं. पण देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं, तर दत्तक रीतसर झालं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि नाही म्हणणाऱ्यावर ते खोडून काढायची जबाबदारी पडते. नोटरीच्या शिक्क्याला हे बळ नाही. लहानपणापासून त्याच घरात वाढलेल्या एका मुलीचा दावा 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. शाळेच्या कागदांवर त्या घराचं नाव होतं. देण्या-घेण्याचा विधी आणि पत्नीची संमती सिद्ध झाली नाही, एवढ्यावर सगळं गेलं.

त्या बाईंची दुसरी अडचण मोठी होती. त्यांना स्वतःची मुलगी आहे. 1956 च्या कायद्यात मुलगी असताना मुलगी आणि मुलगा असताना मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे जावेची सही असती तरी तो कागद वाया. वाट दुसरीकडे आहे, ती शेवटी सांगतो.

आता ‘कोणाचंही मूल’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. 1956 चा कायदा आई-बाप किंवा पालक समोर बसून मूल देतात त्या घरगुती दत्तकासाठी आहे. अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईनं सोडलेलं मूल बाल न्याय कायदा, 2015 खाली येतं. असं मूल सापडलं तर चोवीस तासांत 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. दवाखान्यातल्या ओळखीनं ते परस्पर घरी आणलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन-घेऊन केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि दवाखान्यातलंच कोणी त्यात असेल तर किमान तीन, कमाल सात वर्षं. कोविडमध्ये ‘दोन मुली, आई-बाप गेले, हवी असल्यास फोन करा’ असे मेसेज फिरले होते. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की अशा बेकायदा दत्तकांवर कारवाई करा.

आणि ‘जन्मदात्यांचे हक्क संपले’? समितीसमोर बाळ सोडणाऱ्या आईलासुद्धा फेरविचाराला दोन महिने मिळतात. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी, घरच्यांच्या धाकात केलेली सही शेवटची धरू नये, म्हणून ती मुदत आहे. स्टॅम्पवाले नेमकी हीच मुदत गिळतात.

रांगेबद्दल मात्र मेसेज खरं बोलतो. कारात नाव नोंदवलेल्या जोडप्यांना लहान बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. थांबणाऱ्यांच्या मानानं दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं फारच थोडी आहेत. या रांगेत उभं राहून चाळिशी ओलांडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घाईला हसू नये. त्या घाईवर धंदा करणाऱ्यांबद्दल माझ्याकडे चांगला शब्द नाही.

‘दोन वर्षांत रद्द’ हे कुठून काढलं कळत नाही. कदाचित मोबाइलच्या वॉरंटीवरून. 1956 च्या कायद्याचं कलम 15 सांगतं की रीतसर झालेलं दत्तक घेणाऱ्याला मोडता येत नाही आणि मुलालाही जन्माच्या घरी परत जाता येत नाही.

इस्टेटीचं अर्धं खरं आहे. दत्तक मूल नव्या घरात पोटच्या मुलाइतकंच वारस. जन्माच्या घरी त्याच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता त्याचीच राहते, पुढचा वाटा मिळत नाही. पण दत्तक घेतलं म्हणून बापाचा मृत्युपत्र करायचा हक्क जात नाही, आणि दत्तकाआधी दुसऱ्याला मिळालेली मालमत्ता काढून घेता येत नाही. पेन्शनचं तर विचारूच नका. नागपूरचे एक सरकारी कर्मचारी 1994 मध्ये वारले, पत्नीनं 1996 मध्ये मुलगा दत्तक घेतला. दत्तकाबद्दल वाद नव्हता, तरी कुटुंब निवृत्तिवेतन त्या मुलाला मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं.

‘सर्व धर्मीयांना लागू’ म्हणाल तर 1956 चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांनाच लागू आहे. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी जोडप्यांना बाल न्याय कायद्याची वाट आहे, आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाला मोकळी आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलं. परदेशातल्या भावाला मूल द्यायचं असेल तर काराची ना-हरकत लागते.

त्या बाईंची वाट बाल न्याय कायद्याचीच होती. स्वतःची मुलगी असलेल्या हिंदू जोडप्यालाही बाल न्याय कायद्याखाली दुसरी मुलगी घेता येते, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2009 मध्येच मान्य केलं आहे. त्याच कायद्यात नात्यातलं दत्तक बसतं, चुलत्याला पुतणी घेता येते. काराच्या पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी, आणि आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. सप्टेंबर 2022 पासून हे काम न्यायालयाकडून त्यांच्याकडे आलं आहे. जावेची लेखी संमती लागली, ती तिनं दिली. मुलगी पाच वर्षांच्या वरची, म्हणून तिचीही लागली. लॅमिनेट केलेला कागद बाईंनी फाइलला जोडायला आणला होता. मी तो परत दिला.