बेसवाल्याच्या कानात आठ मीटरची लाट मावते का?

कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांचा हंगाम जवळ आला की वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. ‘खरा बेसिस्ट कानात इअरफोन घालत नाही आणि पायाखाली पेडल ठेवत नाही’ हे त्याचं पहिलं वाक्य, ठळक अक्षरांत. बेसिस्ट म्हणजे बेस गिटार वाजवणारा, इअरफोन म्हणजे स्टेजवर स्वतःचं वादन ऐकायचे इन-इअर, आणि पेडल म्हणजे पायाने दाबून आवाजाला इफेक्ट लावायची डबी. पुढे कारणांची माळ: बेसची लाट कानात मावत नाही, आवाज उशिरा पोचतो, कान जातात, प्रेक्षकांशी नातं तुटतं, इफेक्टने बेस पोकळ होतो, आणि मोठ्या बेसिस्टांनी हे असलं काही कधी वापरलंच नाही. यातली काही कारणं अर्धी खरी आहेत, म्हणून तर मेसेज पटतो आणि पुढे ढकलला जातो. नवीन पोरं तो वाचून शंभर वॅटचा ॲम्प जिन्यावरून चढवतात आणि वर साउंडवाल्याची बोलणी खातात.

लाटेपासून सुरुवात करू, कारण तिथे विज्ञानाचा आव आणलाय. चार तारांच्या बेसची मोकळी ई, म्हणजे न दाबता छेडलेली सगळ्यात जाड तार, ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लाटेची लांबी आठ मीटरच्या थोडी वर भरते. इथपर्यंत हिशेब बरोबर. ‘म्हणून ती ऐकायला आठ मीटर लांब उभं राहावं लागतं, बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरमधून ती येणारच नाही’ हे मात्र साफ चूक. कानाचा पडदा लाटेची लांबी मोजत बसत नाही. त्याच्यापाशी हवेचा दाब सेकंदाला ४१ वेळा वरखाली झाला की आपल्याला ई ऐकू येते. कानाची नळी बंद असेल तर आतल्या त्या चिमूटभर हवेचा दाब हलवायला बारीकसा पडदाही पुरतो.

अट एवढीच की नळी खरोखर बंद हवी. टोक जरा सैल बसलं की दाब फटीतून निसटतो आणि सगळ्यात आधी खालचा आवाज जातो. करून बघा. मोकळी ई वाजत असताना इअरफोन किंचित बाहेर ओढा: तारेची खरखर तशीच राहते, मधला आवाज थोडा बदलतो आणि ई मात्र गायब. परत आत दाबा, ई हजर. फोमचं टोक असेल तर ते बोटांत वळून बारीक करायचं, कानात सरकवायचं आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचं. घाईघाईत नुसतं खुपसलं तर ते अर्धंच बसतं. कोरस गाणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. तोंड उघडलं की जबडा हलतो, नळीचा आकार बदलतो आणि नेमकी गाताना फट पडते. म्हणून साचा घेऊन इअरफोन बनवणारे माप घेताना तोंड उघडं ठेवायला सांगतात. ‘इन-इअरमध्ये बेसच नसतो’ म्हणणाऱ्याने आधी टोकाचा नंबर बदलून पाहावा.

आता छातीत जाणवणारा बेस. तो हवाच, कोण नाही म्हणतंय? पण सबमधून, म्हणजे खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरमधून, निघणारा आवाज एका दिशेने जात नाही, तो सगळीकडे पसरतो, स्टेजवरही येतो. कान बंद केले म्हणून छाती बंद होत नाही. उलट सबचा हा घुमारा आणि स्टेजवरच्या ॲम्पचा आवाज एकमेकांत मिसळला की कुठला सूर कधी सुरू झाला तेच कळेनासं होतं. कानात स्पष्ट तार आणि अंगाला सबचा धक्का, एवढं असलं की काम भागतं.

उशिराबद्दल. आजकालच्या एक्स३२ सारख्या डिजिटल मिक्सरमधून आवाज आत जाऊन बाहेर पडायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. मल्टि-इफेक्ट (एकाच डबीत अनेक इफेक्ट) आणि वायरलेस मिळून आणखी काही मिलिसेकंद. ॲम्पपासून दोन मीटरवर उभं राहिलात तर नुसत्या हवेतून आवाज यायला जवळपास सहा मिलिसेकंद जातात, आणि मैदानातल्या मोठ्या स्टेजवर सहा मीटर लांबच्या ड्रमरचा फटका सतरा मिलिसेकंदांनी पोचतो. त्याला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. गायकाची गोष्ट वेगळी: त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून आधी पोचलेला असतो, त्यावर इअरफोनमधला थोडासा उशिराचा आवाज पडला की पोत बदलतो. बेसला ही भानगड नाही. ब्लूटूथ मात्र नको म्हणजे नको. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि मग ठेका कुठे नि आपण कुठे. मेसेजवाल्याने तेच वापरून पाहिलं असावं असा मला दाट संशय आहे.

तसंही बेसवाल्याला वायरलेस लागतंच असं नाही. आपण गायकासारखे प्रेक्षकांत उतरत नाही. बेसची केबल तशीही पायाशी असते, तिच्यासोबत इअरफोनची एक केबल नेली की झालं. कमरेला लावायचा वायरवाला छोटा ॲम्प, मिक्सरवरची एक ऑक्स लाइन (फक्त आपल्यासाठी वेगळा आवाज काढणारी) आणि सुटे सेल, एवढ्यात निभावतं. ‘हे श्रीमंतांचे चोचले’ या कारणावर त्यामुळे जास्त शाई घालवत नाही.

कान जाण्याची भीती खरी आहे, फक्त बोट चुकीच्या वस्तूकडे दाखवलंय. कामाच्या जागची सुरक्षितता पाहणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. ड्रमच्या झांजांशेजारी उघड्या कानाने तीन तास उभं राहणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाज बराच अडवतो, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो. ठेवला नाही तर फायदा शून्य. सगळ्यात वाईट सवय म्हणजे एक कान काढून वाजवणं. उघड्या कानावर स्टेजचा मारा चालूच राहतो आणि एकाच कानाने पुरेसं ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्याचा आवाज चढवला जातो. दोन्ही घाला नाहीतर दोन्ही काढा, आणि आवाज ठरल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर चालू आहे ना ते बघा.

लोक एक कान काढतात ते मात्र उगाच नाही. ‘वन्स मोअर’ ऐकू आला पाहिजे. गायिकेने ऐनवेळी मागे वळून ‘काळी दोन नको, काळी एक घ्या’ म्हटलेलं कळलं पाहिजे. मेसेजमधलं प्रेक्षकांशी नातं तुटण्याचं कारण इथे टिकतं. त्यावर उपाय म्हणजे स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक, जो फक्त इन-इअरमध्ये जाईल, हॉलमध्ये नाही. आणि म्होरक्यासाठी बोलायला एक वेगळा माइक. साउंडवाल्याकडे दोन चॅनल शिल्लक नसतील तर त्या दिवशी मी इन-इअर वापरणार नाही.

इफेक्टचा मुद्दा मला जास्त जवळचा. गिटारसाठी बनवलेलं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, बेसला लावलं की तळ जातो, हे खरं. म्हणून तर बेसच्या पेडलवर ब्लेंडची खुंटी असते: स्वच्छ आवाज खाली तसाच ठेवायचा, फाटलेला वर मिसळायचा. शिवाय थोडंसं डिस्टॉर्शन वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर) वाढवतं, आणि लहान स्पीकरवर मूळ सूर वाजतच नसला तरी त्या स्वरांशांवरून कान तो ओळखतो. शोचा व्हिडिओ लोक मोबाइलवर बघतात, तिथे बेस ऐकू येतो तो असा. सूर एक सप्तक खाली नेणाऱ्या ऑक्टेव्हरचं गणितही समजून घ्या. मोकळ्या ई वर लावला तर २० हर्ट्झ निघतात, ते कुणालाच धड ऐकू येत नाहीत, सब तेवढा फुकट राबतो. डी तारेवर सातव्या पडद्यावर वाजवा: ११० चे ५५ होतात आणि ऐंशीच्या दशकातल्या डिस्को गाण्यांतला सिंथ-बेस बोटांत येतो, जो एरवी कीबोर्डवाला डाव्या हाताने उरकतो.

घरी हेडफोनवर जमवलेले पॅच, म्हणजे इफेक्टच्या साठवलेल्या जुळण्या, हॉलमध्ये बदबदतात, ही तक्रार बरोबर आहे. कानात सब नसतो, हॉलमध्ये असतो. वाजवलेलं पुन्हापुन्हा फिरवणारा लूपर असेल तर साउंडचेकला चार मात्रांची एक ओळ फिरत ठेवा, खाली उतरून शेवटच्या रांगेपर्यंत जा आणि प्रत्येक पॅच चालू-बंद करून ऐका. पेडल दाबायला ऑक्टोपॅडवाल्याला बसवा. पॅच बदलल्यावर आवाजाची पातळी उडता कामा नये, नाहीतर इअरफोनमध्ये तोच झटका थेट तुमच्या कानात बसतो.

राहिले मोठे बेसिस्ट. जेम्स जेमर्सनने पेडल वापरली नाहीत, कबूल. पण डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याचा बेस थेट मिक्सरमध्ये जायचा. ॲम्पसमोर माइक नव्हता. दुसरीकडे बूट्सी कॉलिन्सचा आवाज एन्व्हलप फिल्टरशिवाय (तार जितकी जोरात छेडाल तितका आवाजाचा पोत बदलणारा इफेक्ट) डोळ्यांसमोर येत नाही, क्लिफ बर्टन बेसला वा-वा (पायाने पोत उघडझाप करणारं पेडल) आणि डिस्टॉर्शन लावायचा आणि पिनो पॅलाडिनो ऑक्टेव्हरसाठीही ओळखला जातो. ‘खरा बेसिस्ट’ या यादीतून या तिघांना काढायचं असेल, तर उरलेली नावं मेसेजवाल्यानेच सांगावीत.