‘एक सर्व्हर मोकळा ठेवणे म्हणजे पैशांची नासाडी’: या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: आपल्याकडे प्रत्येकी २५६ जीबी मेमरीचे तीन सर्व्हर आहेत, मेमरीचा वापर ८० टक्क्यांवर आहे, एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (‘मशिने’) चालवणाऱ्या व्हीस्फिअर या प्रणालीतले ॲडमिशन कंट्रोल, म्हणजे सर्व्हर बंद पडल्यास त्यावरची मशिने इतरत्र सुरू करण्यापुरती जागा राखणारी सोय, चालू असूनही कुठलाच इशारा दिसत नाही, असे असताना ‘एका सर्व्हरइतकी जागा राखून ठेवा’ हा माझ्या लेखातला सल्ला म्हणजे चौथा सर्व्हर गळ्यात मारण्याचा प्रकार आहे. विक्रीशी माझा काहीही संबंध नाही, एवढे सांगून हिशेबाकडे वळतो.

तीन सर्व्हरांची मिळून मेमरी ७६८ जीबी आणि तिचे ८० टक्के म्हणजे सुमारे ६१४ जीबी. एक सर्व्हर बंद पडला की हाती ५१२ जीबी उरतात, तेही हायपरव्हायझरचा (मशिने चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) स्वतःचा वाटा वजा न करता. शंभर जीबींची तूट इथेच पडते. तरीही इशारा येत नाही, कारण ॲडमिशन कंट्रोल प्रत्यक्ष वापर मोजत नाही, तर रिझर्व्हेशन, म्हणजे मशिनसाठी हमखास राखून ठेवलेली मेमरी, मोजते. आणि ज्या मशिनला रिझर्व्हेशनच दिलेले नाही, तिची मेमरी त्याच्या वहीत केवळ ओव्हरहेडपुरती (मशिन चालवण्यासाठी लागणाऱ्या वरखर्चापुरती), म्हणजे अगदी किरकोळ धरली जाते. त्यामुळे आपल्या पडद्यावरच्या हिरव्या खुणेचा अर्थ ‘मशिने पुन्हा सुरू होतील’ इतकाच आहे. ती कामाच्या वेगाने चालतील की बलूनिंग आणि स्वॅपिंगमध्ये (मेमरी कमी पडल्यावर मशिनांकडून ती परत घेण्यात आणि डिस्कवर टाकण्यात) रखडत बसतील, याविषयी ती खूण काहीच बोलत नाही. व्हीस्फिअरच्या आवृत्ती ६.५ पासून ‘किती टक्के वेग कमी झालेला चालेल’ असे विचारणारी एक सेटिंग आली आहे, पण ती मुळात १०० वर असते आणि १०० म्हणजे इशारा बंद. डीआरएस (मशिने सर्व्हरांमध्ये आपोआप वाटून देणारी सोय) वापरत असाल तर तो आकडा खाली आणून पाहावा.

यावर आपण म्हणाल की, ‘कन्झ्युम्ड’ (मशिनने घेऊन ठेवलेली) मेमरी म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ (खरोखर वापरात असलेली) मेमरी नव्हे. हे बरोबर आहे, आणि फाइल सर्व्हरसारख्या मशिनांना ते लागूही पडते. परंतु डेटाबेस आणि जावाचे ॲप्लिकेशन सर्व्हर घेतलेली मेमरी सहसा सोडत नाहीत, शिवाय ॲक्टिव्हचा आकडा हा नमुन्यावरून काढलेला अंदाज असतो. तो वापरायचाच असेल, तर महिनाअखेरच्या बिलिंगच्या दिवसांतला घ्यावा, रविवार दुपारचा नव्हे.

आता उलट बाजूची, म्हणजे रिझर्व्हेशन सढळपणे देण्याची चूक. काही वर्षांपूर्वी पणजीजवळच्या एका संस्थेत, ऐन गणेश चवथीच्या सुट्टीत, तीनपैकी एक सर्व्हर मेमरी मॉड्यूल बिघडल्याने बसला. तिथे सावधगिरी म्हणून जवळजवळ सगळ्याच मशिनांना पूर्ण रिझर्व्हेशन दिलेले होते आणि ॲडमिशन कंट्रोलचा टक्केवारीचा हिशेब चोख जुळत होता. बाकी सर्व मशिने काही मिनिटांत उठली. उठली नाही ती नेमकी १२८ जीबींची डेटाबेस मशिन. उरलेल्या दोन सर्व्हरांवर ९० आणि ७५ जीबी बिनराखीव होते, म्हणजे बेरीज १६५, पण १२८ एका जागी कुठेच नव्हते. चोडण बेटाच्या दोन फेरीबोटींवर मिळून एका बसची जागा असली, तरी बस अर्धी-अर्धी चढवता येत नाही. डीआरएस असते तर एचएने (बंद पडलेली मशिने पुन्हा सुरू करणाऱ्या सोयीने) त्याच्याकडून जागा करून घेण्याचा प्रयत्न केला असता, पण त्यांच्या लायसन्समध्ये ते नव्हते. घरात माटोळीखाली आरती चालू असताना मी आतल्या खोलीत बसून, व्हीमोशनने (चालू मशिन न थांबवता हलवणाऱ्या सोयीने) ४५ जीबींची लहान मशिने एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली, तेव्हा कुठे ती मशिन सुरू झाली. म्हणून सर्वांत मोठी मशिन कुठे बसेल, हे बेरजेपासून वेगळे तपासावे लागते.

मात्र आपले शेवटचे वाक्य मला पटले आहे. आपल्या ६१४ जीबींपैकी सुमारे १५० जीबी टेस्टिंग आणि प्रशिक्षणाच्या मशिनांचे आहेत, असे आपण ओघात लिहिले आहे. ती वजा केली तर ४६४ उरतात आणि ते ५१२ मध्ये, जेमतेम का होईना, बसतात. त्या मशिनांसाठी एचएची पुनःसुरुवात बंद ठेवा, बिघाडाच्या वेळी उरलेल्या सर्व्हरांवर त्यांतली जी चालू असतील ती हाताने बंद करा, डेटाबेसला रिस्टार्टचे सर्वोच्च प्राधान्य द्या, त्याच्यापुरतेच रिझर्व्हेशन द्या आणि चौथा सर्व्हर घेऊ नका. फक्त पॅचिंगसाठी (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवण्यासाठी) एक सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे रिकामा करून बाजूला ठेवलेला असेल, तेवढा वेळ आपल्याकडे दुसऱ्या बिघाडासाठी काहीच शिल्लक नसते. तेव्हा ते काम पावसाळ्यात, वीज सारखी ये-जा करत असताना, शक्यतो काढू नये.

मूळ लेखातले ‘एका सर्व्हरइतकी जागा मोकळी ठेवावी’ हे वाक्य मी आज बदलले आहे. तिथे आता ‘एक सर्व्हर गेल्यावर जी मशिने चालायलाच हवीत, त्यांच्या गर्दीच्या दिवसांतल्या वापराइतकी जागा उरलेल्या सर्व्हरांवर असावी’ असे वाचावे.